पाहुणीचा कप्पा

६ सप्टेंबर, शनिवार

फायनली! आज जपानी शाळेत बसले! पुण्यात तीन वर्षं क्लास केला, एन-फोरची परीक्षा दिली, आणि खरी शाळा मिळाली कुठे, तर टेक्सासमध्ये. बारावीनंतर ड्रॉप घेतलाय, म्हणून फ्रिस्कोला श्रीराम काका आणि विनीता काकूंकडे आलेय. १५ ऑक्टोबरचं रिटर्न तिकीट आहे. तोपर्यंत सहा शनिवार मी इथली पाहुणी विद्यार्थिनी.

शाळा म्हणजे एका चर्चच्या मागची भाड्याची बिल्डिंग. इकडे नोकरीला आलेल्या जपानी लोकांची मुलं आठवडाभर अमेरिकन शाळेत जातात आणि शनिवारी इथे. दारातच मोठं लाकडी कपाट, प्रत्येकाचा एक कप्पा. बाहेरचे शूज त्यात ठेवायचे आणि आतले पांढरे कॅनव्हासचे घालायचे. ते घालून बाहेर पाऊल टाकायचं नाही, पायरीवरसुद्धा नाही. हे सगळं मला पाठ होतं, तरी आतले शूज घरीच विसरले. क्लासिक शरयू!

मग काय, सगळ्यात खालच्या ओळीत एका कप्प्यावर नाव नव्हतं, आत एक जोडी होती. घातली. आपल्याकडे चालतं की! परवा मंडळाच्या गणपतीत विनीता काकू गाडीतून मोदकांचा डबा आणायला कोणाच्या तरी चपला घालून गेल्या. कोणाच्या, ते अजून त्यांनाही माहीत नाही.

वर्गात मात्र सगळे माझ्या पायांकडे बघत बसले. मोरिता सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, आधी वाकून शूज बघायला लागल्या. मग हसल्या, आणि माझ्या नावाचा स्टिकर स्वतः त्या कप्प्यावर लावला. सो स्वीट! आणि माप? परफेक्ट.

ही डायरी मराठीत लिहितेय कारण काकांची अनया, वय तेरा, माझ्या सगळ्या वस्तूंत नाक खुपसते. मराठी समजतं तिला, वाचता येत नाही. काकू मराठीत ओरडतात, ती इंग्लिशमध्ये उलट बोलते. घे अनयाबाई, वाच आता!

१३ सप्टेंबर

काकूंनी मला नवे पांढरे शूज घेऊन दिले. मोरिता सेन्सेईंनी ते दोन्ही हातांनी, वाकून, परत दिले. म्हणाल्या, एकदा कप्पा घेतला की त्यातले शूज बदलत नाहीत. ओके. शिस्त म्हणजे शिस्त.

डब्यात थालीपीठ नेलं होतं, सगळ्यांपुढे फिरवलं. कोणीच घेतलं नाही. शेजारी बसणारी हारुका म्हणाली, पोट भरलंय. तिचा डबा तर बंद होता यार.

एक फालतू गोष्ट. सुटल्यावर माझे निळे स्नीकर्स घातले, तर आतून गरम. कोणीतरी आत्ताच काढून ठेवल्यासारखे. काका म्हणाले, टेक्सास आहे बाळा, इथे सगळंच गरम. पण त्या बिल्डिंगमध्ये एसी इतका असतो की मी स्वेटर घालून बसते.

२० सप्टेंबर

कोणीतरी माझे स्नीकर्स वापरतंय. नक्की.

मी लेसला कायम डबल गाठ मारते. आज साधी होती. आणि तळव्याला लाल माती. काकू मला दारात सोडतात, तिथे सगळं सिमेंट आहे.

मला हारुकाचा डाउट होता. दर तासाला बाथरूमच्या नावाखाली बाहेर जाते. सरळ विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, खालच्या ओळीला मी हात लावत नाही, कोणीच लावत नाही. का, असं विचारलं तर तिने दाराकडे बघितलं. दारात सेन्सेई उभ्या होत्या.

घरी सांगितलं तर काकू हसल्या. असेल गं एखादीचा तुझ्याएवढाच पाय, म्हणाल्या. पण अनया फुगून बसली होती. स्विमिंगहून येताना, एक वाजता, मी तिला शाळेच्या पार्किंगमध्ये दिसले म्हणे. तिने हात केला, मी नुसती बघत राहिले. ताई, यू वर सो रूड.

एक वाजता माझी कांजीची, म्हणजे जपानी चित्रलिपीची, टेस्ट चालू होती. पेपर माझ्याकडे आहे. वेळ टाकलेली आहे.

२७ सप्टेंबर

इथे मुलंच शाळा झाडतात. आज दाराजवळची पाळी माझी. कपाट जरा ओढलं. मागच्या भिंतीवर जुने स्टिकर चिकटवलेले. सात. कोरियन नावं, स्पॅनिश नावं. सगळ्यात वर नीना.

सेन्सेईंना विचारलं, नीना कोण. म्हणाल्या, फार समजूतदार मुलगी, दोन वर्षं थांबली. कशासाठी थांबली, ते नाही सांगितलं. कपाट परत नीट लाव म्हणाल्या.

झाडू धरून हारुका हळूच म्हणाली, नीनाही पाहुणीच होती. तीही शूज विसरली होती. मी विचारलं, मग गेली ना घरी? हारुका म्हणाली, घरी गेलं कोणीतरी.

रात्री जेवताना काकू म्हणाल्या, आज परत येताना गाडीत किती छान गप्पा मारल्यास, जाताना एवढी गप्प होतीस. मी गाडीत झोपले होते. मला वाटतं, मी झोपले होते.

४ ऑक्टोबर

ठरवलं होतं. आत फक्त मोज्यांवर जायचं, स्टिकर काढायचा, बाय म्हणून थांबलेल्या गाडीत परत. माझं नाव तिथे नको, बस्स.

स्टिकर निघाला. खाली बघितलं तर पायात ते पांढरे —

मी घातले नव्हते. देवाशप्पथ नव्हते.

कप्पा रिकामा. निळे स्नीकर्स नाहीत. खिडकीतून काकूंची गाडी दिसली. निळे स्नीकर्स गाडीकडे चालत होते. माझी बॅग, माझा फोन, माझी वेणी. अनयाने दार उघडून दिलं. स्नीकर्सवालीने मागे वळून बघितलं. बघत राहिली, नुसती.

मी धावले. दार उघडंच आहे. उंबऱ्यापाशी पाय उचलत नाही. शूज निघत नाहीत. लेसला डबल गाठ. माझीच.

हातात फक्त ही डायरी आणि पेन राहिलं.

११ ऑक्टोबर बहुतेक. मुलं आलीत, म्हणजे शनिवार

ओरडून उपयोग नाही. सेन्सेई माझ्यासमोरून जातात. हारुका तेवढी जमिनीकडे बघते.

सकाळी शूज पायात नव्हते. खालच्या कप्प्यात, स्वच्छ, पांढरे. वर नाव नाही. मला माझे पाय दिसत नाहीयेत —

गाडी आली. ती आली. सोबत अनया.

तिला शाळा दाखवायला आणलंय म्हणे, पुण्याला जायच्या आधी. अनया म्हणतेय, बट ताई, आय डिडन्ट ब्रिंग एनी शूज. आणि ती हसतेय, माझ्यासारखीच, काय झालं मग, घाल की कोणाचे तरी, आपल्याकडे चालतं —

अनया मोजे ओढतेय. वाकलीये.

डायरी कप्प्यात, शूजवर टाकली तर ती उघडेल, नाक खुपसेलच. पण सगळी मराठीत. मीच —

इंग्लिशमध्ये एक ओळ. पुरेल. पेन टेकवलंय.

तिने घातले तर पाच शनिवार, मला लागले तेवढेच, की तिच्या जागी मी बाहेर. मग गाडी, काकू, आई —

अनया, तेरा वर्षांची आहेस तू गं. लिहिते. लिहितेय. एकच ओळ, पण तिने घातले तर मी