बांगड्याचं घमेलं

५ जानेवारी, रविवार

बोक्याच्या मातीची पिशवी संपली! आणि शिवांगी फोनवर सांगते काय — "निहाराक सांग, तो कणकवलीसून हाडतलो. खंयची ती त्याका माहीत आसा."

त्याला कशी माहीत? बोका तिचा. कोल्हापूरला नोकरी लागली, रूमवर मांजर चालत नाही, म्हणून जाताना बोका माझ्या हातात दिला. माझ्या! निहारच्या नाही. मग बोक्याच्या मुताची माती कुठली, हे निहारला कोणी आणि कधी सांगितलं?

अंगावर बांगड्यासारखे पट्टे म्हणून बोक्याचं नाव बांगडो. बाहेर सोडायचा नाही अशी तिची सक्त ताकीद — रस्त्यावर डंपर. म्हणून घरात घमेलं, आणि घमेल्यात ही विकतची करडी माती. भिजली की तिचा गोळा होतो, तो उचलून टाकायचा. अक्का, म्हणजे माझी आत्या, पहिल्या दिवसापासून हसतेय. "माती इकत? आमच्या आचऱ्यात माती संपली काय रे?"

बरोबर बोलते. निहारचे उपकार नकोत.

७ जानेवारी, मंगळवार

समुद्रावरून गोणभर वाळू आणली. बांगडो उडी मारून घमेल्यात! चार ठिकाणी उकरलंन, बसला. अक्का म्हणते, "बघ, फुकटचा ता पौष्टिक."

शिवांगीचा फोन. "केल्यान काय त्याने?" केलं. "खाता मा?" खातो. "बरा, ठेवतंय."

आणि मी? मी खातो की नाही?

९ जानेवारी, गुरुवार

तिठ्यावर निहार भेटला. मी जे कॉलेज अर्ध्यावर सोडलं तिथेच तो तिसऱ्या वर्षाला. पाठीला बॅग लावून शहाणपणा — "समर्था, वाळू नको रे घालू. ती दर्यान ओली की बोक्यान, तुका कळतला कसा?"

"तुका कित्याक व्हयी नको ती पंचाईत?" म्हणून मी त्याची बॅगच धरली. चहाच्या टपरीवरचे उठून उभे राहिले. सोडली.

वाळूचं मी फक्त शिवांगीला सांगितलं होतं. म्हणजे बोलतात. रोज बोलतात!

१० जानेवारी, शुक्रवार

शिवांगीचा फोन एंगेज. निहारचा लावून बघितला. तोही एंगेज!!

११ जानेवारी, शनिवार

बांगडो सकाळपासून घमेल्यात. उतरतो, परत चढतो, उकरतो, बसतो. अक्का म्हणते, "वाळू गावली ती गावली, ह्यो थंयसून उठनाच नाय." मला तर अभिमानच वाटला. व्हिडिओ काढून शिवांगीला पाठवला. खाली लिहिलं — बघ, किती आवडली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

संध्याकाळी मात्र न्हाणीत लादीवर जाऊन बसला. कुठेतरी बसून स्वतःला चाटत राहतो. तळलेली तारली पुढे ठेवली, तोंड फिरवलं! अक्काने गुपचूप काही खायला घातलं असणार. विचारलं तर माझ्यावरच ओरडली.

किंवा वाळूला खारा वास येत असेल. गिरणीवरून भाताचं तूस आणलं. वाळू ओतून दिली, घमेलं पुसलं, तूस भरलं. बघू.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी तूस कोरडं. ठणठणीत कोरडं. बोटांनी तळापर्यंत चाळून बघितलं.

आणि मग लक्षात आलं. वाळू आणली तेव्हापासून ओलीच होती. समुद्राची वाळू, ती सुकते कुठे! मी हात लावायचो, ओली लागायची, फोनवर सांगायचो — केलं.

पोटाला हात लावला तर ओरडला. आत टणक गोळा. शिवांगीला फोन लावला, उचलला नाही. परत लावला. परत. कणकवलीतला तिचा गुरांचा डॉक्टर कोण ते फक्त निहारला माहीत. दात खाऊन त्याला लावला.

आला. लगेच आला, एक शब्द ऐकवला नाही — ह्याचाही संशयच आला मला. आंब्याच्या पेटीत टॉवेल घालून बांगड्याला ठेवलं, पेटी मांडीवर, निहारच्या मागे गाडीवर. वाटेत बांगड्याचं ओरडणं थांबलं. निहार सारखा विचारत होता, "हलता मा रे? हलता मा?"

डॉक्टरने रविवारचं दार उघडलं. मूत्रमार्ग तुंबलेला. भूल दिली, नळी घातली. "कधीपासून बंद आहे?" सांगता येईना. मी विचारलं, वाळूने झालं का? म्हणाले, "वाळूने झालं नाही, वाळूने लपवलं. आणखी एक रात्र काढली असती तर मांजर आणायची गरज नव्हती."

तेवढ्यात निहारचा फोन वाजला. मी नाव वाचलं. शिवांगी! माझे तिन्ही फोन तसेच, आणि लावला त्याला!

तो बाहेर गेला. काचेतून बघत होतो. खूप वेळ ऐकत होता, बोलत नव्हता. आत आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"काय म्हणाली?"

"काय नाय. बोको कसो, म्हणान विचारी होती."

खोटं. एवढा वेळ बोको कसो?

१३ जानेवारी, सोमवार

बांगडो दवाखान्यात. शिवांगीचा मेसेज — थँक्स. फक्त थँक्स.

१५ जानेवारी, बुधवार

घरी आणला. डॉक्टर म्हणाले, माती त्याला आवडेल ती घाला, पण गोळा होणारी बरी, सकाळी बघितलं की कळतं. निहारने पिशवी आणून दिली. घेतली. काय करणार.

दुपारी गोळा! एकच, पण चांगला लिंबाएवढा. फावडीवर घेऊन अक्काला दाखवायला धावलो. "मेल्या, च्या पितंय मा मी!" म्हणाली, पण उठून बघितलंन.

निहार माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. पिशवी ठेवली आणि पळाला. ठरलं असणार दोघांचं. उद्या धरतोच त्याला.

१६ जानेवारी, गुरुवार

धरायला लागलं नाही. आपणच आला, दारापुढच्या खळ्यात बसला. "रविवारी फोन इललो तो ह्या सांगूक. तिचा लगीन थंयच ठरला, हापिसातल्या कोणाशी. बोको तुमीच ठेवा, म्हणाली. मी पण वाट बघी होतंय रे तिची, तुझ्यासारखीच."

"मगे तेवाच कित्याक नाय सांगलंस?"

"बोको टेबलार होतो. तुझो काय भरवसो? उठान गेलो असतंस."

हात उचलणार होतो. उचलला नाही. तासभर झाला, बांगडो पायाशी झोपलाय आणि मी तेच घेऊन बसलोय — गेलो असतो?