दोरीवरची लुगडी

प्रिय स्वराज,

परवा मखमलाबादच्या घरी गेले आणि फाटकाशीच थबकले. अंगणातल्या दोरीवर आईचं डाळिंबी लुगडं वाळत होतं. आईला जाऊन वर्ष होत आलं, आणि दोरीवर तिचं लुगडं, ओलं, पाणी ठिबकणारं. मी तिला हाक मारणारच होते. मग वारा आला आणि कळलं, ते अख्खं लुगडं नव्हतंच. उशीच्या अभ्र्याएवढे तुकडे होते, ओळीने चिमटे लावलेले. पलीकडे हिरव्या लुगड्याचेही.

मी गेले होते ती लुगडीच आणायला. चिमणाबाईंकडे गोधड्या शिवायला टाकायच्या, एक तुला, एक मला, असं आपलं ठरलं होतं ना? ट्रंक उघडली तर तळाला नुसत्या डांबराच्या गोळ्या.

तात्या मागे खुराड्यापाशी होते. आई अंडी विकायची तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ सावरत तोंड फिरवणारे आपले तात्या, कोंबड्यांच्या अंडी घालायच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळ कोरडा आहे का ते चाचपत होते. मला म्हणाले, पाय जपून टाक, इथं ओलं हाय.

आईची पद्धत तुला आठवत असेल. खाली भाताचं तूस, मध्ये कडुनिंबाचा पाला, वर सुरगाण्याच्या मावशीकडचा पेंढा, आणि जरा दमट लागला की त्याच दिवशी बदलायचा. तात्यांना यातलं काय ठाऊक? या पावसात पेंढा भिजला, त्याला बुरशी आली. कोंबड्या क्रेट सोडून झेंडूच्या सरीत अंडी घालायला लागल्या आणि मुंगसाने ती फस्त केली. मग यांनी ट्रंक उघडली. लुगडं अंथरलं तशा सगळ्या गुमान येऊन बसल्या, म्हणाले.

मी खूप बोलले रे. आईच्या अंगावरचं कापड आणि त्यावर कोंबड्यांची घाण. तात्यांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, पोरी, तुम्हाला गोधड्या दुकानात भेटतात, ह्यांना कोण देनार? आणि वर हसले. तुझी आई आसती तर बोलली आसती, जित्ती होते तवा कधी माझं लुगडं धुतलं नाय, आता बरं सुचतंय.

मी दोरीवरचा एक तुकडा हातात घेतला. चारही कडा दुमडून टाके घातलेले, वेडेवाकडे. नाहीतर कोंबडीच्या नखात दोरा अडकतो म्हणे. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, त्याचे टाके. मी तो परत चिमट्याला लावला.

फोनवर हे सांगता आलं नसतं, तू मध्येच हसला असतास. रविवारी तू टेम्पो आणणार, कोंबड्या विकत घेणाऱ्या त्या माणसाला देणार आणि तात्यांना नाशिक रोडला तुझ्या फ्लॅटवर नेणार. ते नाही म्हणणार नाहीत. पिशवीसुद्धा भरून ठेवली आहे. मी ती उघडून पाहिली. दोन धोतरं आणि सुईदोऱ्याची डबी. तुझ्या बाल्कनीत दोरी आहे, पण तिच्यावर ते काय वाळत घालतील? तू ये, जरूर ये. टेम्पो आणायचाच असेल तर मावशीकडून पेंढा भरून आण. या हवेत ते तुकडे लवकर वाळत नाहीत.

तुझीच,
प्रतिभाताई