साडूचा हिरवा, माझा केशरी

४ फेब्रुवारी, रविवार

सूड घ्यायचा. ठरलं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे राग थंड झाला तर वाचून परत तापवता येईल. आज सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, साडूच्या घरी. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा दातांचा डॉक्टर. घरी प्रवाळ पाळायला समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी, दवाखान्यात आणखी एक. माझी एकच, पण जिवापाड जपलेली. केक कापून झाला आणि सगळ्यांदेखत त्याने विचारलं की, काय हो, तुमच्या टाकीत प्रवाळ आहेत की भिजत घातलेले मोजे? सगळे हसले. बायको तर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी मीच आणून दिलं. मीही हसलो, पण ते वरवर.

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. कोण काय लपवतंय ते मला समोरच्याने खुर्ची ओढण्याआधी कळतं. मला बनवणारा अजून जन्माला यायचाय.

५ फेब्रुवारी

सुडाची पद्धत ठरली. कलम.

साडूचं नाक म्हणजे त्याचं हिरवं प्रवाळ. ताटासारखं पसरट. गेल्या वर्षी आम्हा प्रवाळवाल्यांच्या रीफ क्लबच्या प्रदर्शनात त्यावर पहिला आला. माझ्याकडे त्याच जातीचं केशरी आहे. त्याच्या हिरव्याचा एक तुकडा माझ्या केशरीला जोडायचा. एकाच ताटात दोन रंग. क्लबमध्ये असं कुणाकडेच नाही. त्याचं प्रवाळ माझ्या टाकीत माझ्या नावाने वाढेल आणि तो टाळ्या वाजवेल.

केशरीबद्दल सांगायचं तर चिवट जीव. गेल्या वर्षी मी तीन आठवडे ट्रेनिंगला गेलो होतो. परत आलो तर जरा हिरवट वाटलं. आजारपणात माणूसही पिवळा पडतो. पुढे माझ्या देखरेखीखाली केशरी झालं. बायको त्याला चॉकलेटी म्हणते. लेक तपकिरी म्हणते. दोघींचं आपसातच जमत नाही, मग मी कशाला मनावर घेऊ?

८ फेब्रुवारी

अभ्यास केला. दोन्ही तुकडे कापायचे, कापलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या, दगडावर सुपरग्लूने चिकटवायचं, आणि वाट बघायची.

एक इशारा सगळीकडे दिलाय. वेगवेगळ्या घरची प्रवाळं शेजारी ठेवली तर मध्ये पांढरी रेघ उमटते आणि एक दुसऱ्याला खातं. बिनरेघेचे जुळतात ते फक्त एकाच आईचे तुकडे. हे बाकीच्यांसाठी आहे. ज्यांच्या हाताला गुण नाही त्यांना कारण लागतंच.

१० फेब्रुवारी

हिरवा तुकडा कसा मिळवायचा? मागितला तर साडू लगेच देईल. हाच तर त्याचा दुष्टपणा.

चोरायचा. दवाखान्यातल्या टाकीतही तेच हिरवं आहे. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. दाढ दुखते म्हणून सांगितलं. खालची डावी. बायको म्हणाली की कालपर्यंत तर काजू फोडत होतात. दुखणं माझं आहे, म्हटलं.

१३ फेब्रुवारी

फत्ते!

रिसेप्शनवरची बाई फाईल द्यायला आत गेली. बाही वर करायला वेळ नव्हता. हात कोपरापर्यंत टाकीत, कटरने एक कट, तुकडा औषधाच्या बाटलीत, बाटली खिशात. शेजारी सुजलेल्या गालाचा एक गृहस्थ बसला होता. त्याने सगळं पाहिलं, पण त्याला तोंड उघडता येत नव्हतं.

खुर्चीत मात्र घोळ झाला. खालची डावी दाढ ठणठणीत निघाली. वरची उजवी किडलेली. रूट कॅनाल, तीन सिटिंग. साडूने माझ्या तोंडात कापूस कोंबला आणि प्रवाळांना उजेड किती लागतो यावर व्याख्यान दिलं. तुमचा दिवा जुना झालाय, बदला, असंही म्हणाला. मध्येच विचारलं की बाही कशाने भिजली? मी आं म्हणालो.

दिवा आता मेलो तरी बदलणार नाही.

१४ फेब्रुवारी

ऑपरेशन. पहिल्या प्रयत्नात केशरीला हिरवा न चिकटता माझा अंगठा चिकटला. दुसऱ्या प्रयत्नात अंगठ्याला तर्जनी. बायकोने नेलपॉलिश काढायचं औषध आणून सोडवलं. लेकीने मदत म्हणून व्हिडिओ काढला. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. हिरवा डावीकडे, केशरी उजवीकडे, मध्ये फट नाही.

बायको बराच वेळ टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, त्यापेक्षा दुसरं काहीतरी जोडा ना. चेहरा जरा उतरलेला होता. बहिणीचा नवरा हरणार याचं तिला वाईट वाटतंय. रक्ताची ओढ.

३ मार्च

जुळलं! रेघ नाही, भांडण नाही. जणू जन्मापासून एकच. इंटरनेटवरचे मोठमोठे लोक वर्षानुवर्षं डोकं फोडतात आणि इथे माझं पहिल्या फटक्यात. याला हातगुण म्हणतात.

काल दुसरं सिटिंग झालं. टाकी काय म्हणते, त्याने विचारलं. मी अर्ध्या तोंडाने हसलो. इंजेक्शन छान लागलंय, म्हणाला. हसून घे, बाबा, मी मनात म्हटलं.

तिसरं सिटिंग प्रदर्शनानंतर. त्या खुर्चीत आता विजेता म्हणूनच बसेन.

२४ मार्च

हिरवा जरा कमी हिरवा वाटतो. नव्या घरात रुळायला वेळ लागतोच.

लेक म्हणाली, बाबा, दिवा बदला. हिच्या तोंडून साडू बोलतोय. नाही म्हटलं.

१४ एप्रिल

हिरवा केशरी होतोय. याचा अर्थ सरळ आहे. माझ्या केशरीने त्याच्या हिरव्याला लोळवलं. त्याच्या माणसांना माझं पाणी लागलं की ती माझी होतात. बायकोला सांगितलं. ती उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

२८ एप्रिल

क्लबचं पत्रक आलं. यंदाचा परीक्षक गेल्या वर्षीचा विजेता, म्हणजे साडू. देव आहे! आता बक्षीस त्यालाच स्वतःच्या हाताने द्यावं लागेल.

सासूबाई, मेहुणी, ऑफिसात मोज्यांचा किस्सा ऐकून हसलेला कोपऱ्यातला क्लार्क, सगळ्यांना आग्रहाने बोलावलं. मोज्यांवर जे जे हसले ते सगळे समोर हवेत. बायको म्हणाली, आईला कशाला? मुद्दाम, म्हटलं. भाषण पाठ केलंय. शेवटचं वाक्य: मोजे अखेर वाळले!

कलमाचं नाव 'कापलेलं नाक' ठेवणार होतो. लेकीने हात जोडले म्हणून 'दुरंगी' ठेवलं.

११ मे

उद्या प्रदर्शन. आता सांधा कुठे आहे तो मलाही भिंगातून शोधावा लागतो. दगडाला डावीकडे हिरवी आणि उजवीकडे केशरी टाचणी लावली. जाणकाराला तेवढं पुरे.

१२ मे, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

शाळेचा हॉल. क्लबने दिलेल्या माझ्या छोट्या टाकीपुढे गर्दी. पाटीवर दुरंगी कलम, पाण्यात एकच तपकिरी तुकडा. होय, तपकिरी. तिथल्या पांढऱ्या उजेडात मलाही तपकिरीच दिसला. दुसरा रंग कुठला, असं लोक विचारत होते. मी टाचण्या दाखवत होतो. क्लार्क म्हणाला, सर, टाचण्या छान आहेत.

मग साडू आला. वाकला. खूप वेळ बघत राहिला. मी मनातल्या मनात भाषण सुरू केलं. तो सरळ झाला आणि सगळ्यांना म्हणाला की जोडकाम इतकं सफाईदार आहे की रेघसुद्धा दिसत नाही, असा हात क्लबमध्ये दुसरा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच थांबलं असतं तर मी जिंकलो असतो.

पण सासूबाई चष्मा लावून पुढे आल्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलतात. म्हणाल्या, अगं, हे तेच ना, धाकटे जावई ट्रेनिंगला गेले तेव्हा मोठ्या जावयांनी आणून चिकटवलं होतं ते?

मी दोन्ही टाचण्या काढून खिशात घातल्या.

बाकीचं बायकोने गाडीत सांगितलं. मी नसताना तिने पंपाची पिन काढून तिथे इस्त्री लावली आणि विसरली. माझं केशरी मेलं. पांढरं पडलेलं पाहून ती बहिणीला फोन करून रडली. साडू दवाखाना बंद करून तसाच आला, आपल्या हिरव्याचा तुकडा माझ्याच दगडावर केशरीच्याच जागी लावून गेला. मला वाईट वाटू नये म्हणून. सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. माझ्या दिव्याखाली तो तपकिरी झाला आणि मी त्याला केशरी म्हणत राहिलो. वर्षभर सगळ्या घराला माहीत होतं. लेकीलासुद्धा.

म्हणजे मी साडूचं हिरवं चोरून साडूच्याच हिरव्याला जोडलं. जुळणारच.

लाज वाटली. रागसुद्धा आला, पण कुणावर ठेवायचा ते कळेना. बायको रडत होती. मी तिला म्हटलं की माझ्याही हातून इस्त्री राहिली असती. खरं तर मी कधी इस्त्री करत नाही.

एक मुद्दा मात्र कुणी लक्षात घेतला नाही. फेब्रुवारीत माझ्या टाकीत जे मोजे होते, ते त्याचेच होते.

१९ मे

नवा दिवा बसवला. लेकीने निवडला. कडेला हिरवी छटा दिसायला लागलीय.

२१ मे

तिसरं सिटिंग. विजेता म्हणून नाही, दाढ होती म्हणून.

दवाखान्यातल्या टाकीत, मी कापलं होतं त्या कडेला नवी वाढ आलीय. साडूने ती मला दाखवली. माझ्या बाहीकडे एकदा बघितलं. एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी मोठा तुकडा घ्या, तो जोमाने वाढतो. मग दाढेवर टोपी बसवायला घेतली. दातांच्या रंगांची पट्टी माझ्या तोंडाशी धरून एकेक रंग लावून बघत होता. बाकीच्या दातांशी जुळणाराच घेऊ ना, म्हणाला, की दुरंगी हवंय?

माझं तोंड उघडं होतं. आं म्हणालो.

बसवून झाल्यावर आरसा दिला. खरा कुठला, बसवलेला कुठला, मला सापडेना. रेघसुद्धा नाही.

सूड तूर्त पुढे ढकलला आहे. डॉक्टरांनी दोन तास काही चावू नका म्हणून सांगितलंय.