जिभेवरची चिमूट

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक बातमी ऐक आणि पोटभर हस. तीस वर्षं पाव भाजणाऱ्या तुझ्या भावाला डॉक्टरीणबाईंनी गहू जन्मभरासाठी बंद केलाय! सिलिअ‍ॅक म्हणतात या आजाराला. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर झडतं.

सहा महिने पावाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. भात, बटाटे, अंडी, बस्स. तरी कालचा रिपोर्ट जैसे थे आणि वजन आणखी दोन किलोने खाली. बाईंनी विचारलं, चोरून खाता का? मी आईची शपथ घेतली. असंच चाललं तर हाडंही ठिसूळ होतील म्हणाल्या. ताई, मला भीती वाटते गं.

तुझा, आता नावापुरताच,
ढब्बू

ता. ११ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

हसतेय कसली, काळजात धस्स झालं. पण तू चोरून खात नाहीस, हे मी कोर्टात सांगेन. लहानपणी बिस्कीट चोरलंस तरी संध्याकाळच्या आत कबूल करून मोकळा व्हायचास. सहा महिने ताज्या पावाच्या वासात उभं राहायचं आणि घास घ्यायचा नाही! धन्य आहे तुझी. मला एक दिवस जमलं नसतं.

मग भांडी घासताना एकदम आठवलं. मळलेल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवून बाबा मीठ बघायचे. तूही सात वर्षांचा असल्यापासून तेच करतोस. अरे मठ्ठा, अजून करतोस का? लेकीला एक सकाळ तुझ्यावर नजर ठेवायला सांग.

लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई

ता. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

तेव्हा घाईत दोनच ओळी खरडल्या, आता सविस्तर लिहितो. अकरा वेळा! लेकीने मोजलं, मला एकदाही कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. उडणारं पीठही तोंडात जातं म्हणाल्या आणि भट्टीच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी केली. बाबांचा अ‍ॅप्रन लेकीच्या हातात देताना, खोटं कशाला सांगू, रडलो.

पोर मात्र वस्ताद निघाली. तिचा पाव माझ्यापेक्षा हलका होतो. गिऱ्हाइकं सांगतात, मी कुठे खाऊन बघणार!

पण गप्प बसेल तो ढब्बू कसला? मागची खोली धुऊन काढली. परात नवी, चाळणी नवी, छोटी भट्टीही नवी. तांदळाच्या पिठाचा पाव करतोय. पहिल्या चौदा खेपांना विटाच झाल्या. तुझी भावजय म्हणते, कुंपण बांधू या. धास्तीपायी मी ते पीठ मळताना चाखतच नव्हतो. लेक अंघोळ करून, कपडे बदलूनच आत येते.

कालच्या रिपोर्टात रक्त सुधारलंय, वजन तीन किलोने वर. तुझ्यामुळे गं, ताई. एवढ्या लांबून जे तुला दिसलं, ते इथे कुणालाच दिसलं नाही.

आज पंधराव्यांदा मळत होतो. हाताने आपसूक चिमूट उचलली आणि दारातून लेक किंचाळली. मग तिचं तिलाच हसू आलं, हे तांदळाचं. मी चिमूट जिभेवर ठेवली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडलो, की मीठ कमी आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा, पुन्हा भरू लागलेला,
ढब्बू