दादारावच्या खालचं नाव

इंदूर, दि. १२ जून १९८६

ती. शकूताईस,

गुणवंताचा सविनय जयभीम. वि. वि. मी इथं खुशाल आहो. खाणावळीची डाळ पातळ आहे, बाकी तक्रार नाही.

सोबत बुकपोस्टानं एक पुस्तक धाडून राहिलो. ते फोडताना हात धुवून फोडजो. आमच्या छापखान्याची ‘कृषि व्यापार दर्शिका’ आहे. पान एकसष्ट काढ. संत्र्याच्या कलमा विकणाऱ्यांच्या यादीत पहिलंच नाव कोणाचं आहे ते मोठ्यानं वाच, बाबांले छपरीत ऐकू जाईल असं. दादाराव सोमकुवर, मोहगाव, तहसील सौसर. सातवी नापास पोरानं बापाचं नाव छापून आणलं. आता तरी बालवाडीच्या बाईनं, म्हणजे तू, मले उंडग्या म्हणू नये.

शेठनं मले आधी बाइंडिंगले बसवलं होतं. माझं बूड एका जागी टिकत नाही हे त्याले आठ दिवसांत समजलं. मंग त्यानं खांद्यावर झोला दिला, अन् गावोगाव फिरून नावं गोळा करायले धाडलं. चैतात मी दोन दिवस घरी आलो होतो, तो त्याच कामाचा फेरा होता. तेव्हा सांगितलं नाही, कारण बाबांनी नाही म्हटलं असतं.

बाबांची ती चिठ्ठीची रीत आता पुरे करा म्हणावं. एकानं कलमा न्यायच्या, पाच वर्षांनी त्याच्या झाडाले फळ येईल, ते गोड लागलं तं तो शेजाऱ्याले चिठ्ठी लिहून देईल, अन् ती चिठ्ठी आणली तरच बाबा त्या शेजाऱ्याले कलमा देतील. इतक्यात माणूस म्हातारा होते. ही दर्शिका हजार गावात जाऊन राहिली. ज्याले संत्रा लावायचा त्यानं पान उघडलं की समोर बाबा.

भाऊजींले जयभीम. माया आहे तशी असू दे.

तुझा धाकटा,
गुणवंता


मोहगाव, दि. २९ जून १९८६

चि. गुणवंतास,

अ. आ. व जयभीम. पुस्तक पोचलं. हात धुवूनच फोडलं.

बाबांनी आधी त्याचा वास घेतला, झाडाच्या पानाचा घेतात तसा. मग मी वाचलं. स्वतःचं नाव त्यांनी एकदाच ऐकलं. खालची दहा नावं मात्र मला दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, ह्या दहाही नर्सऱ्या गुणवंतानं डोळ्यांनी पाहिल्या का. जंबेरीच्या रोपावर संत्र्याच्या फांदीवरचा डोळा काढून बांधलेला आहे, की नुसती आंबट जंबेरीच कलम म्हणून विकून राहिले, हे कागदावर दिसत नाही म्हणाले. फळ येईपर्यंत पाच वर्षं जातात, आणि तोवर विकणारा पैसे खाऊन मोकळा.

तुझं पुस्तक घेऊन तीन माणसं आली. चिठ्ठी नाही म्हणून बाबांनी तिघांनाही चहा पाजून परत पाठवलं. त्यात मुलताईकडचे रामाजी म्हणून एक होते. पहिल्यांदाच बगीचा लावून राहिले बिचारे, तीनशे झाडांचा. जाता जाता त्यांनी विचारलं की तुमच्या नावाखाली तिगावच्या नत्थूजीचं नाव आहे, तो माणूस कसा. बाबांनी कधी कोणाची हमी घेतली नाही, तुला माहीत आहे. पण ते म्हणाले, यादी माझ्या पोरानं केली, त्याला विचारून कळवतो.

तेव्हा परतीच्या टपालानं लिही. नत्थूजीची नर्सरी तू पाहिली का, आणि माल कसा आहे. रामाजी पोळ्याच्या आत लावणी उरकणार आहेत.

जेवणाची हेळसांड करू नको. डाळ पातळ असेल तर दोनदा घे.

तुझी ताई,
शकुंतला


इंदूर, दि. ५ जुलै १९८६

ती. शकूताईस,

सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र काल भेटलं, आज लिहून राहिलो.

नत्थूजीची नर्सरी पाहिली म्हणून सांग. विहिरीजवळ आहे, बांबूचं कुंपण आहे, रोपं हिरवीगार. डोळे नीट बांधलेले. बाबांनी बिनघोर कळवावं. मी काय इतका कच्चा आहो का, आंगणात कलमांमध्येच वाढलो ना.

जास्त लिहायले वेळ नाही, उद्या धारकडे जाऊन राहिलो. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
गुणवंता


मोहगाव, दि. १६ नोव्हेंबर १९८६

चि. गुणवंतास,

अ. आ. हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा उठले.

परवा रामाजी आले होते. एका हातात उपटलेलं रोप, दुसऱ्या हातात एक कार्ड. ते कार्ड मीच लिहिलं होतं. तुझं जुलैचं पत्र आल्यावर बाबांनी सांगितलं आणि मी उतरवलं, की माझ्या मुलानं नर्सरी स्वतः पाहिली आहे, माल खरा आहे. खाली बाबांनी वळणं काढून काढून सही केली. आपल्या हातून गेलेली ही पहिली चिठ्ठी, असं त्या दिवशी हसून म्हणाले होते.

रामाजींनी दोन्ही वस्तू खाटेवर ठेवल्या. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. रोपाला बोटभर काटे. बाबांनी पान चुरगळून हुंगलं आणि माझ्याकडे दिलं. निंबाचा वास. खोडाला कुठंच जोड नाही. तीनशेच्या तीनशे जंबेरी. रामाजींनी विचारलं की शेणखत जास्त टाकलं तर फळ गोड येईल का.

मग मी विहिरीचं आणि बांबूच्या कुंपणाचं बोलले. रामाजी म्हणाले, तिथं विहीर नाही, कुंपणही नाही, रेल्वेलाइनीच्या कडेला घरामागं वाफे आहेत. नत्थूजीनं त्यांना यादी दाखवून म्हटलं होतं की दादारावच्या खाली माझं नाव आहे, आणखी काय पाहिजे.

गुणवंता, तू कोणती नर्सरी पाहिली?

छपरीतली चिठ्ठ्यांची तार बाबांनी काल उतरवली. बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या ओवलेली तार, गुंडाळून पेटीत टाकली. लोधीखेड्याहून एक जण चिठ्ठी घेऊन आला, त्यालाही परत पाठवलं. माझीच चिठ्ठी खोटी निघाली, आता दुसऱ्याची कोणत्या तोंडानं मागू, असं म्हणतात. कलमा वाफ्यातच उभ्या आहेत. विकायच्या नाहीत म्हणतात.

मी तुला रागावत नाही. खरं तेवढं लिही.

शकुंतला


इंदूर, दि. २३ नोव्हेंबर १९८६

ती. शकूताईस,

सविनय जयभीम. वि. वि. खरं लिहून राहिलो. बाबांले वाचून दाखवजो, मधलं काही गाळू नको.

मी नत्थूजीची नर्सरी पाहिली नाही. तिगाव स्टेशनावर पॅसेंजरची वाट पाहत होतो. चहाच्या टपरीवर तो भेटला. कलमा विकतो म्हणाला. घर कोसभर आहे, येऊन पाहा, असंही म्हणाला. मी गेलो असतो तं गाडी चुकली असती, अन् त्या दिवशी पांढुर्ण्याच्या बाजारात आणखी चार नावं भेटायची होती. मी तिथंच बाकड्यावर नाव लिहून घेतलं, अन् छापायचे पैसेही घेतले. पानावर अकरा ओळी भराव्या असं शेठचं म्हणणं होतं. पान रिकामं दिसलं की पुस्तक खोटं वाटते म्हणे. त्या अकरांतल्या तीन जागा मी पाहिल्या, त्यातली एक आपली.

अन् विहीर, बांबूचं कुंपण? तुझं पत्र आलं तेव्हा लाज वाटली. पाहिली नाही हे कसं लिहू. आंगणातल्या आपल्याच नर्सरीचं वर्णन मी तिगावले नेऊन ठेवलं. बाबांनी ते ऐकलं असंल अन् ओळखलंही नसंल, कारण पोरगा खोटं लिहीत नाही ह्या भरवशावर ते ऐकत होते.

मी शेठकडे गेलो, नत्थूजीचं नाव काढा म्हटलं. तो म्हणे पैसे भरले आहेत, छापलेलं नाव निघत नाही, अन् नाव खरं का खोटं हे पाहणं आपला धंदा नाही. मंग माझ्या बापाचं तरी काढा म्हटलं. त्यावर तो हसला. बापाचं नाव वर आहे म्हणून तं खालची दहा खपली, असं बोलला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय विकत फिरत होतो. झोला त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

आता एक विचारतो, बाबांले विचारून कळव. जंबेरी रानात लागलेलीच आहे, मुळं धरून आहे. उपटायचं कामच काय. तिथल्या तिथंच तिच्यावर डोळे बांधले तं? बाबा वाफ्यात करतात तेच, फक्त शेतात वाकून. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा दिवसाले साठ बांधत होतो. जुन्या झाडाच्या डोळकाड्या बाबांनी दिल्या तं मी रामाजीकडे जातो. त्यांनी उभं केलं नाही तं बांधावर बसून राहीन.

माझ्यावर माया ठेव असं लिहायची हिंमत नाही. जमलं तं ठेव.

गुणवंता


मोहगाव, दि. ८ डिसेंबर १९८६

चि. गुणवंतास,

अ. आ. तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं. विहीर आपलीच होती हे ऐकलं तेव्हा बाबा उठून वाफ्याकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

चार दिवसांनी सकाळी पाहते तर थोरल्या झाडाखाली शिडी लावलेली. बाबांनी स्वतः डोळकाड्या तोडल्या, पानं छाटली, ओल्या गोणपाटात बांधल्या. तुझे भाऊजी येत्या रविवारी बसनं पांढुर्ण्याला येऊन स्टेशनावर गठ्ठा देतील. रामाजींना मी कार्ड टाकलं आहे. त्यात तुझ्या पत्रातलं सगळं खरं जसंच्या तसं लिहिलं आहे.

चाकू मागितला तर बाबांनी दिला नाही. ज्याचं काम त्याचा चाकू, म्हणाले. भाऊजींच्या हातून एवढाच निरोप आहे की पेन्सिलीएवढं खोड असेल तरच बांधावं, आणि प्लास्टिकच्या पन्नीची पट्टी खालून वर गुंडाळावी, नाही तर पाणी शिरते.

पांढुर्ण्यापर्यंत येशील आणि घरी येणार नाहीस, हे मला समजते. बळजबरी करत नाही. गठ्ठ्यात तिळाची चटणी ठेवली आहे.

शकुंतला


मुक्काम मुलताईजवळ, रामाजींचं शेत
दि. १९ फेब्रुवारी १९८७

ती. शकूताईस,

सविनय जयभीम. वि. वि. दोन महिने झाले, आता लिहायजोगं काही आहे.

पहिल्या दिवशी रामाजींनी मले ओसरीवर चढू दिलं नाही. त्यांच्या घरच्या पंचफुलाबाईंनी बांधावर पाणी आणून दिलं, तेही न बोलता. मी ओळीनं बसत गेलो. पहिले वीस डोळे वाया गेले, हात विसरला होता. अंगठा तीनदा कापला. काट्यांचं तं विचारूच नको, माझे हात पाहशील तं ओळखणार नाहीस. सहाव्या दिवशी पंचफुलाबाईंनी भाकर दिली अन् म्हणाल्या, खोटं बोलणाऱ्याले भूक लागते तं लागू द्यायची, पण काम करणाऱ्याले उपाशी ठेवत नाही. मी दोघांच्याही वाट्याची खाल्ली.

पट्ट्या सोडल्या तेव्हा तीनशेपैकी एकोणसाठ डोळे काळे पडलेले. ते पुन्हा बांधले. आता सगळे हिरवे आहेत, सात सोडून. ह्या सातांच्या जागी बाबांच्या वाफ्यातल्या सात कलमा द्या, एवढं मागतो. रामाजी जिथं म्हणतील तिथं मी लावून देईन.

रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोळते. यादीत नाव टाकून फायदा होते का, असं मले अजून दर्शिकेचा माणूस समजून वाटेत एका दुकानदारानं विचारलं. मी वर्षभर हेच होय म्हणून विकत होतो. त्याले म्हटलं, यादीतून नुसतं नाव भेटते. नावाच्या मागं कोणी कोसभर चालून गेलं होतं का, ते विचार. नसंल गेलं तं तुझं चांगलं नाव तिथं दुसऱ्याच्या वाईट मालाले छत्री धरते. त्यानं नाव दिलं नाही, अन् मले कोणी पाठवलंही नव्हतं.

रामाजींनी काल न मागता एक चिठ्ठी लिहून दिली. सोबत ठेवतो. त्यात लिहिलं आहे, की गुणवंता वल्द दादाराव, ह्यानं आमच्या रानात डोळे बांधले, आम्ही समोर उभं राहून पाहिले, हात साफ आहे. मी ती बाबांच्या हातात द्यायले स्वतः यायले पाहिजे होतं. पाय निघत नाही. चिठ्ठी असल्याशिवाय बाबा कोणाले वाफ्यात घेत नाहीत, म्हणून आधी चिठ्ठीच धाडली. पुढचं त्यांच्यावर.

तुझा,
गुणवंता


मोहगाव, दि. ४ मार्च १९८७

चि. गुणवंतास,

अ. आ. व जयभीम. चिठ्ठी पोचली. बाबांना तीनदा वाचून दाखवली, चौथ्यांदा त्यांनी ती उलटी धरून स्वतःच पाहिली.

मला वाटलं आता तार पेटीतून निघेल. निघाली, छपरीत टांगलीही. लोधीखेड्याच्या त्या माणसाला बोलावून कलमाही दिल्या. पण तुझी चिठ्ठी बाबांनी तारेत ओवली नाही. म्हणाले, ही फळ न खाता लिहिलेली आहे. रामाजीच्या झाडाला पाच वर्षांनी फळ येईल, ते चाखून पाहू, तेव्हा ओवू.

मी म्हटलं तोवर माझ्याकडे द्या, पेटीत ठेवते. दिली नाही. काल बाबांची बंडी धुवायला घेतली तर ते वाफ्यातून धावत आले. खिशातून चिठ्ठी काढली, दुसऱ्या बंडीच्या खिशात घातली, मग मला धुवू दिली.

त्या सात कलमा बाबांनी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. न्यायला रामाजींना पाठवू नको, बाबा चिठ्ठीशिवाय देणार नाहीत. तू ये. तुझी त्यांच्या खिशात आहे.

तुझी ताई,
शकुंतला