दीप म्हणजे बेट

कार्ल्सरूहे, रविवार

प्रिय दीपू,

हे पत्र मुद्दाम मराठीत आणि हातानं लिहिते आहे. जर्मनमध्ये लिहिलं असतं तर तू कोलोनच्या ट्राममध्ये उभ्या उभ्या वाचून पुढचा स्टॉप यायच्या आत नकार कळवला असतास. देवनागरी तुला ओळीवर बोट ठेवून वाचावी लागते. तेवढा वेळ तरी तू माझ्या तावडीत आहेस.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यात मराठी शब्द एकच, 'आई'. बाकी सगळं जर्मन, आणि तेही इतकं समजूतदार की मला वाटलं इन्शुरन्सवाले बोलताहेत. सारांश असा की पप्पांची कंपनी बंद झाली, आईनं एकटीनं किती सांभाळायचं, म्हणून तू उन्हाळ्यातल्या आर्क्टिक मोहिमेला नाही म्हणणार. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. हे पत्र बुधवारी पोचेल असं धरते. विचार बदलायला दोन दिवस पुष्कळ झाले, नकार ठरवायला तू त्याहून कमीच घेतले असशील.

दरम्यान मोहीम ज्या बेटावर जाणार, त्या तुझ्या बेटाचा अभ्यास मी करून टाकला आहे. तू पाठवलेली माहिती शब्दकोश घेऊन वाचली. मधोमध पालथ्या कढईसारखी हिमटोपी, भोवती दगडगोट्यांचा पट्टा, त्याच्यापलीकडे समुद्र, आणि तोही जुलै उजाडेपर्यंत गोठलेलाच. उन्हाळा म्हणजे आपल्या फ्रीजचा खालचा कप्पा. जमीन वरवर वीतभर, फार तर हातभर वितळते, खाली कायमची गोठलेली. झाड एकही नाही, पण किनाऱ्यावर ओंडके पडलेले, सैबेरियातल्या नद्यांनी समुद्रात सोडलेले. वर्षभरात जेवढा पाऊस आणि बर्फ मिळून पडतो, तेवढं पाणी नागपूरला जुलैच्या एका पंधरवड्यात पडतं. म्हणजे थंड असलं तरी ते वाळवंटच. भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात, त्याला वर्षावास म्हणतात. तुझा वर्षावास बिनपावसाचा होणार. संस्कृतात हिम, तुहिन, तुषार, प्रालेय, नीहार असे शब्द हारीनं आहेत, पण ते वापरणाऱ्या बऱ्याच कवींनी बर्फ लांबूनच पाहिला असावा. आपल्या घराण्यात ती परंपरा तू मोडावीस.

पप्पांनी तुझ्या बेटाचा नकाशा छापून फ्रीजवर लावला आहे. जन्मभर गाड्यांची यंत्रं जुळवलेला माणूस. पूर्वीच्या जाड बर्फाचं ओझं उतरलं म्हणून ती जमीन हजारो वर्षं हळूहळू वर येते आहे, जुने किनारे पायऱ्यांसारखे उंच गेलेत, आणि तिथे देवमाशांची हाडं सापडतात, हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "सस्पेन्शन चांगलं आहे, जरा स्लो आहे." कंपनीच्या बातमीनंतर ते पहिल्यांदा हसले. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिथं कोनीच राहत नाही, तं पोरगी उतरन कोनाच्या घरी?" तंबूत, असं सांगितल्यावर तिनं माझ्या संस्कारांबद्दल जे म्हटलं, ते तुझ्या मराठीला झेपणार नाही.

आणि तुझ्या नावाचं काय? ते मी ठेवलं आहे. धम्मदीपा म्हटलं की सगळे दिव्याकडे बघतात. पण पालीत 'दीप' म्हणजे दिवाही आणि बेटही. संस्कृतातलं 'द्वीप' पालीत येताना 'व' गाळून आलं. भोवती पूर असताना जिथे आपले पाय टेकतात, ते दीप. नाव ठेवायच्या दिवशी मी हे सगळ्यांना समजावायला गेले, तर तुझे पप्पा म्हणाले, "नीला, आधी पेढे, मग व्याकरण." व्याकरण तेव्हा राहून गेलं ते आज पुरं करते. या नावाच्या मुलीनं आईवडिलांच्या तीन खोल्यांच्या वोनुंगलाच आपलं बेट मानावं, हे कुठल्याही व्युत्पत्तीत बसत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू माझ्यासाठी इथे थांबू नकोस, कारण मीच इथे थांबणार नाही. नागपूरच्या एका लहान संस्थेला पाली शिकवायला बाई हवी होती. मी अर्ज केला तो नाताळात, पप्पांची कंपनी ठणठणीत चालू असताना. म्हणजे गरजेपोटी केला नाही, मला हवं होतं म्हणून केला. नेमणूक आली आहे, तासिका तत्त्वावर. मान महिन्याचा, पगार तासाचा. वर्ग जुलैत सुरू होतील. पप्पांना येता का विचारलं, तर 'गेनाऊ, अगदी बरोबर' म्हणून बॅगा मोजायला उठले. घरमालकाला घर सोडण्याची नोटीस, क्युंडिगुंग, दिली. तू बेटावरून परत येशील तेव्हा इथल्या बेलवर दुसऱ्या कुणाचं नाव असेल. खाली तळघरातलं तुझं सामान त्याआधी कोलोनला आणून देऊ. हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मग मी रडले असते, आणि दोघींनी मिळून सगळं रद्द केलं असतं. मुलगी आपल्यासाठी थांबलेली असताना विमानात बसण्याइतकी निगरगट्ट मी अजून झालेले नाही. तू थांबलीस तर मला थांबावं लागेल. आणि मला जायचं आहे, दीपू. इतकी वर्षं ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावली, आता एकदा खडू हातात घेऊन वर्गासमोर उभं राहायचं आहे. तेव्हा शुक्रवारी त्या लोकांना एकच शब्द पाठव. जर्मन होकार, 'ja', लिहिताना मराठीतल्या 'जा'सारखा दिसतो. तो तू लिहिशील तेव्हा मीच म्हणाले असं समज. मोहीम संपली की तोच शब्द मोठ्यानं उच्चारून बघ. तो 'या' असा ऐकू येतो. बेट पाहून आलेल्या मुलीला आईनं अहोजाहो करायला हरकत नाही. नागपूरला या.

तुझीच, आणि यंदा थोडी स्वतःचीही,
आई