रिकामा डबा

मोहगाव, १६ मे २०२१, रविवार

आज शंकरभाऊंकडून डबा रिकामा आला नाही.

सुमनवहिनी कोरोनात गेल्या तेव्हापासून शेजारच्या घरात भाऊ एकटेच आहेत. मुलगी सासरी, तिचं येणं बंद. दोन अंगणांमधल्या भिंतीवर मी रोज सकाळी डबा ठेवतो, संध्याकाळी तो घासून परत ठेवलेला असतो. पण रिकामा. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं देत नाही. वहिनी तर चिमूटभर साखर तरी घालायच्याच. हाक मारली तरी भाऊ ओ देत नव्हते. जेवत होते, की गाईला घालत होते? त्यांच्या अंगणात विहीर आहे. हा विचार मी कमलजवळही बोललो नाही. बायको आहे, पण घाबरली असती. मारुतीपुढे मात्र रोज एकच मागणं, उद्या डबा परत येऊ दे.

आज उचलला तर जड लागला. आत दोन कैऱ्या. मी तिथेच उभा राहिलो.

भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला, "पाहून काय राहिला? कमलले सांगजो, वरणात मीठ नसते."

"मग इतके दिवस काहून नाही बोलले?"

"रिकामा डबा देऊन कोन तक्रार करते?"

कमलनं ऐकून नाक मुरडलं. उद्या दुप्पट मीठ घालते म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. म्हणजे विहीर तिच्याही मनात होती तर.

मग मारुतीपुढे बसलो. मागायला काही सुचलं नाही.